कादंबरी एक, वाचक नऊ

वाचकाचं पत्र: आम्ही नऊ जण जुन्या पुस्तकांत मिळालेली ३२० पानांची एक कादंबरी आळीपाळीने वाचतो आहोत. वाचताना जे वाटेल ते समासात पेन्सिलीने लिहायचं ठरलं होतं. माझा नंबर पाचवा. माझ्या हातात पुस्तक आलं तेव्हा कणा मोडलेला होता आणि मधले तीन कागद सुटे झाले होते. पहिल्या वाचकाने समासात जे लिहिलं, उदाहरणार्थ ‘नायिका स्वार्थी आहे’, त्याचीच री बाकीच्यांनी ओढलेली दिसली, आणि खरं सांगायचं तर मीही ओढली. पान ८७ वरच्या एका शेऱ्यातून शेवट फुटला, त्यामुळे एक मैत्रीण नाराज आहे. आता सहाव्या वाचकाकडे पुस्तक दोन महिने अडकलंय, विचारायला संकोच वाटतो. ही फेरी वाचवता येईल का? पुढची कशी आखू?

उत्तर:

फेरी वाचेल. पण आधी एक गोष्ट बदला: पुस्तक आणि मतं यांचा प्रवास वेगळा करा. तुमच्या पत्रातल्या चारपैकी दोन तक्रारी, री ओढणं आणि शेवट फुटणं, मतं पुस्तकाच्या पानांवरूनच पुढे गेल्यामुळे झाल्या आहेत. उरलेल्या दोन बांधणीच्या आणि वेळापत्रकाच्या आहेत आणि त्या तुलनेने सोप्या आहेत.

सुरुवात अडकलेल्या पुस्तकापासून. दोन महिने पुस्तक ठेवणारा माणूस बहुतेक वेळा बेफिकीर नसतो. साठ-सत्तर पानांवर मन लागेनासं झालं, ते सांगायची लाज वाटते, आणि जितके दिवस जातात तितकी लाज वाढते. अशा माणसाला ‘वाचून झालं का?’ असं विचारू नका, कारण त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावं लागतं. असं लिहा: ‘पुस्तक या शनिवारी पुढच्या वाचकाकडे पाठवू या. तुम्ही जिथपर्यंत आलात तो पान क्रमांक आणि तिथे का थांबलात हे चार ओळींत लिहून द्या, तेही मत म्हणून धरणार आहोत. उरलेलं वाचायचं असेल तर शेवटी पुस्तक पुन्हा तुमच्याकडे येईल.’ यात दिवस ठरलेला आहे, अपराधीपणातून वाट आहे आणि परत मिळण्याची खात्रीही आहे. पुस्तक येईल.

आलं की लगेच पुढे धाडू नका. आधी समास मोकळे करा. नऊ जणांच्या फेरीत पाच जणांचे शेरे जमलेत, ते एका वहीत पान क्रमांकासह उतरवून घ्या, फोटोही काढून ठेवा, मग खोडा. पांढरं मऊ व्हिनाइल खोडरबर घ्या; शाळेतलं गुलाबी किंवा पेन्सिलीच्या टोकावरचं नको, ते कागद खरवडतं. एका हाताच्या दोन बोटांनी कागद ताणून धरा आणि कण्याकडून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेने खोडा. पुढे-मागे घासलं की जुन्या कागदाला सुरकुती पडते आणि तिथूनच तो फाटतो. खोडरबराचा चुरा मऊ ब्रशने झाडून टाका, कारण तो कण्याच्या फटीत गेला की पानं नीट मिटत नाहीत. शाईने लिहिलेलं काही असेल तर ते तसंच राहू द्या. पान ८७ वरचा शेरा शाईत असेल तर त्या कागदाला पातळ कागदाची सैल घडी घाला, समास झाकेल इतकीच, चिकटवू नका.

पुस्तक मुळात जुनं आहे, म्हणजे तुमच्या आधीच्या कुणा अनोळखी वाचकाच्या खुणा असतीलच. त्या मात्र खोडू नका. पहिल्या पानावरचं नाव, तारीख, भेट म्हणून लिहिलेली ओळ, एखाद्या परिच्छेदाखालची रेघ, हा त्या प्रतीचा भाग आहे, आणि चर्चेच्या दिवशी ‘या माणसाने नेमकं इथेच का अधोरेखित केलं असेल?’ हा फार चांगला प्रश्न ठरतो. आत जुनं पत्र किंवा फोटो सापडला तर तो पाकिटात घालून प्रतीसोबत ठेवा, त्याचे फोटो काढून पसरवू नका. कुणाचं तरी खासगी आहे ते.

आता कणा. तुमची प्रत बहुधा शिलाईची नसून नुसत्या गोंदाच्या बांधणीची असणार, बाइंडर जिला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. ओळखायची रीत सोपी आहे: पुस्तक वरच्या कडेने पाहा. घडी घातलेल्या कागदांचे जुडगे, म्हणजे आठ-आठ कागदांचे, सोळा पानांचे फर्मे दिसत असतील आणि फर्म्याच्या मध्यावर दोरा असेल, तर शिलाई आहे. सगळे कागद सुटे कापलेले आणि एकाच गोंदाच्या पट्टीत रोवलेले दिसत असतील, तर नुसता गोंद. हा गरम करून लावलेला गोंद वर्षं गेली की कडक होतो. मग कुणीतरी पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, किंवा उघडंच पालथं टाकतं, आणि गोंदाची पट्टी त्या जागी तडकते. एकदा तडा गेला की पुढच्या प्रत्येक वाचकाकडे पुस्तक आपोआप तिथेच उघडतं आणि तडा खोल जातो. तुमचे मधलेच कागद सुटले ते यामुळे.

तीन सुटे कागद पुन्हा बसवता येतात. लागेल तो पांढरा पीव्हीए गोंद, एक बारीक सपाट ब्रश, मेणकागद आणि दोन जड पुस्तकं. सुट्या कागदाच्या कण्याकडच्या कडेवर दुसरा कागद ठेवून फक्त २ ते ३ मिलिमीटर पट्टी उघडी राहू द्या, तेवढ्यावरच गोंद लावा. रुंद पट्टी लावली तर मजकूर कण्यात गडप होतो आणि शेजारचं पान ओढलं जातं. कागद आत सरकवताना आधी वरची कड जुळवा, मग बाहेरची. दोन्ही बाजूंना मेणकागद घाला, पुस्तक मिटा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. तीन कागद एकामागोमाग असतील तर एकाच दिवशी तिन्ही बसवू नका. ओला गोंद एकमेकांवर सरकतो आणि तिन्ही तिरके सुकतात. एक सुकला की दुसरा.

सेलोटेप मात्र कधीही नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात झिरपतो, प्लॅस्टिक गळून पडतं आणि डाग कायमचा राहतो. चिकट चिठ्ठ्याही खुणेसाठी लावू नका. काढल्यावरही गोंदाचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. खूण म्हणून साध्या कागदाची पट्टी पुरते.

कण्याला दोन-तीन ठिकाणी तडे असतील आणि बोट फिरवलं की आणखी कागद निघत असतील, तर एकेक कागद चिकटवत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक कागदागणिक कणा जाड होतो आणि पुस्तक मिटेनासं होतं. अशी प्रत बाइंडरकडे न्या, किंवा पुढच्या फेरीत तिचा वेगळाच उपयोग करा, आणि हा उपयोग आम्हाला फार आवडतो.

ती कादंबरी चार भागांत सुटी करा. तशीही सुटतेच आहे. पण मोजून ८० पानांवर कापू नका, जवळच्या प्रकरणाच्या शेवटी कापा. प्रत्येक भागाला वर-खाली जाड कागदाचं आवरण घाला, कण्याला कापडी पट्टी लावा, वर भागाचा क्रमांक लिहा. पहिला वाचक पहिल्या आठवड्यात भाग १ वाचतो आणि पुढे देतो. दुसऱ्या आठवड्यात तो भाग २ वर असतो आणि दुसरा वाचक भाग १ वर. असं करत नववा वाचक नवव्या आठवड्यात सुरू करतो आणि बाराव्या आठवड्यात संपवतो. हीच कादंबरी अखंड फिरवली आणि प्रत्येकाला तेच चार आठवडे दिले, तर ३६ आठवडे लागतात. फायदा नुसता वेळेचा नाही. दर भागाच्या शेवटी वाचकाला थांबावंच लागतं, पुढचं पान हातात नसतं, आणि ‘आता काय होईल?’ याचं उत्तर तो मनापासून लिहितो. अखंड पुस्तकात असा थांबा कितीही सांगितला तरी कुणी पाळत नाही.

या पद्धतीत बिघडतं ते एकच: एक जण थांबला की त्याच्या मागचे सगळे थांबतात. म्हणून सावकाश वाचणाऱ्यांना रांगेत शेवटी ठेवा आणि चौथ्या व सहाव्या आठवड्यानंतर एकेक आठवडा रिकामा सोडा, मागे पडलेल्यांना गाठता यावं म्हणून. मग बाराचे चौदा आठवडे होतील, हरकत नाही. एक भाग हरवला तर मात्र सगळी प्रत गेली, त्यामुळे दुर्मीळ किंवा चांगल्या स्थितीतल्या पुस्तकावर हा प्रयोग करू नका. धडधाकट प्रत कापणं आम्हाला मान्य नाही.

अखंड प्रत फिरवायची असेल तर दिवस अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा. गटातल्या सर्वांत सावकाश वाचकाला त्याच कादंबरीची पहिली पानं अर्धा तास वाचायला सांगा. समजा १६ पानं झाली, तर ३२० पानांना दहा तास लागतील. रोज अर्धा तास धरला तर वीस दिवस. म्हणजे प्रत्येकी तीन आठवडे, त्यातच पुढे देण्याची सवड आली. नऊ वाचक गुणिले तीन आठवडे, सत्तावीस आठवडे, सहा महिन्यांहून जास्त! पहिल्या वाचकाला तोवर पात्रांची नावंही आठवणार नाहीत. नऊ जणांसाठी दोन प्रती घ्या, पाच आणि चार असे दोन गट करा, पंधरा आठवड्यांत फेरी संपेल. दोन प्रती वेगवेगळ्या आवृत्तींच्या असतील तर पान क्रमांक जुळणार नाहीत. तेव्हा प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द लिहायची सवय लावा.

प्रत निवडताना पहिल्या वाचकाने तासभर द्यावा. पान क्रमांक सलग आहेत का ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. छपाईत फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो, म्हणून सोळाच्या पटीत पानं गायब असू शकतात. श्रेयपानावर ‘संक्षिप्त’ असं लिहिलंय का पाहा. एकाने पूर्ण आणि दुसऱ्याने संक्षिप्त वाचली, तर चर्चेत दोघं दोन वेगळ्या कादंबऱ्यांवर भांडतात. कुबट वास असेल आणि कागदावर राखाडी किंवा हिरवट भुकटी दिसत असेल तर ती बुरशी; ती प्रत फिरवू नका, दम्याच्या माणसाला त्रास होईल. नुसता जुन्या कागदाचा वास असेल तर पुस्तक उभं, पानं थोडी पसरून, बंद डब्यात ठेवा, शेजारी वाटीत खायचा सोडा ठेवा, पुस्तकावर टाकू नका. चार-पाच दिवसांत फरक पडतो. उन्हात तापवू नका, गोंद आणि कागद दोन्ही आणखी ठिसूळ होतात. कसर दिसली तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, कागदावर नाही.

प्रतीसोबत एक जाड कार्ड द्या, साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचं, तेच खुणेला वापरायचं. त्यावर चार रकाने: नाव, मिळाली कधी, पुढे देण्याची तारीख, नवीन नुकसान कुठल्या पानावर. चौथा रकाना कुणाला पकडण्यासाठी नाही. लहानसा तडा वेळेवर कळला तर एका रात्रीत दुरुस्त होतो. टपालाने पाठवत असाल तर आधी प्लॅस्टिक, मग पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठे दोन पुठ्ठे. कोपऱ्यांना मार लागत नाही.

आता मतांकडे येऊ, कारण फेरी चालवायची ती त्यासाठीच. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. रेघांची लांबी ताडून पाहायची, उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून चूक उत्तर मोठ्याने सांगत. अशा फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीच्या बाजूने गेली. आपलं उत्तर इतरांना न कळवता लिहून द्यायची मुभा मिळाली की हे प्रमाण खूप उतरलं, आणि गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी उतरलं. रेघेच्या लांबीबाबत असं होतं, तर ‘नायिका स्वार्थी आहे’ असं पहिल्याने समासात लिहिल्यावर पुढच्या चौघांना ती स्वार्थीच दिसली, यात तुमचा कुणाचा दोष नाही. शेरा मजकुराच्या शेजारीच होता. तो वाचूनच परिच्छेद वाचला गेला.

म्हणून प्रत्येकाने आपलं मत वेगळ्या कागदावर लिहावं, शेवटचं पान वाचल्यापासून एका दिवसाच्या आत, आणि पाकीट बंद करून तुमच्याकडे द्यावं, पुढच्या वाचकाकडे नाही. पाकिटं चर्चेच्या दिवशीच उघडायची. तोवर गटात कादंबरीबद्दल चकार शब्द नाही. ‘वा, काय शेवट आहे!’ एवढंही नाही. त्यातून शेवटात काहीतरी दडलंय हे कळतंच.

मैत्रिणीच्या नाराजीबद्दल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने किंचित जास्तच आवडल्या. त्या लघुकथा होत्या, दहा तास सोबत करणारी कादंबरी नव्हे, तरी तिला हे सांगून पाहा, थोडा दिलासा मिळेल. आनंद गेला नसेल, पण एक गोष्ट खरंच गेली: मध्यावर तिने जो चुकीचा अंदाज बांधला असता, तो आता ती बांधू शकत नाही. आणि वाचकांचे चुकलेले अंदाज हा चर्चेचा सर्वांत रसाळ भाग असतो. तिला दुसरं काम द्या: शेवट माहीत असताना लेखकाने आधी कुठे कुठे खुणा पेरल्यात, त्यांची यादी. ते काम बाकीच्यांपैकी कुणालाच पहिल्या वाचनात जमणार नाही.

कागदावर काय लिहायचं हेही सांगावं लागतं, नाहीतर ‘भाषा ओघवती आहे, व्यक्तिरेखा जिवंत आहेत, शेवट मनाला चटका लावतो’ असं येतं. हे कुठल्याही कादंबरीबद्दल लिहिता येईल. हवं ते असं: ‘पान १४२. मुलगा दाराबाहेर उभा आहे आणि आई दार उघडत नाही. इथे मी पुस्तक मिटलं. आधी तिने कितीही रागात असताना दार उघडलंय, मग आज का नाही, याचं कारण लेखकाने कुठेच दिलेलं नाही. मला वाटतं तिला ते पत्र आधीच मिळालं होतं.’ यात जागा आहे, काय झालं ते आहे, आणि कुणीतरी खोडून काढावा असा तर्क आहे. नऊ जणांत एक तरी म्हणेल, ‘नाही, पत्र तर पान १५० नंतर येतं,’ आणि सगळे पानं चाळायला लागतील.

आम्ही चार प्रश्न सुचवतो, यापेक्षा जास्त नकोत: कुठल्या पानावर थांबलात आणि का? कुठे विश्वास बसला नाही? मध्यावर काय होईल असं वाटलं होतं? (हा प्रश्न मध्यावरच लिहायचा, संपल्यावर आठवून नाही.) कुठल्या पात्रावर अन्याय झाला असं वाटलं, म्हणजे लेखकाने त्याला पुरेसं बोलूच दिलं नाही? शेवटच्या प्रश्नाला उत्तरं येतात ती बघण्यासारखी असतात.

अर्धवट सोडणाऱ्याचं पाकीटही इतरांइतकंच मोलाचं. पन्नास पानांनंतर सोडायची मोकळीक सगळ्यांना द्या, अट एकच, थांबल्याचं पान लिहायचं. तिघांनी वेगवेगळ्या वेळी ९० ते ११० च्या दरम्यान सोडलं असेल, तर त्या वीस पानांत कादंबरीचं काहीतरी ढिलं पडलंय, आणि पूर्ण वाचणाऱ्यांनी ते सहन केलं की त्यांना जाणवलंच नाही, हे विचारता येतं.

चर्चेच्या दिवशी आधी सगळे कागद नावं न सांगता वाचून दाखवा. प्रत्येकी चार मिनिटं धरली तर छत्तीस मिनिटं. मग ज्याचं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं पडलंय त्याला पहिल्यांदा बोलू द्या. सर्वांत ठाम बोलणारा शेवटी, आणि प्रत टेबलावर, प्रत्येक दाव्यासाठी पान उघडून. एखाद्याने प्रकरणांचे फोटो काढून गटात टाकायची कल्पना मांडली तर नको म्हणा; विकत घेतलेली प्रत हातोहात देणं वेगळं आणि तिच्या नकला काढून वाटणं वेगळं, दुसऱ्यात लेखकाचा हक्क मोडतो.

सध्याच्या फेरीसाठी एवढं करा: सातव्या, आठव्या आणि नवव्या वाचकाला मोकळ्या समासांची, दुरुस्त केलेली प्रत आणि पाकीट द्या. तुम्ही पाच जणांनी वहीतले आपले शेरे बाजूला ठेवून चार प्रश्नांची उत्तरं आता नव्याने लिहा. मध्यावरच्या अंदाजाचा प्रश्न कोरा सोडा, तो आता लिहिला तर शेवट त्यात मिसळेल. तिघांची पाकिटं समास न वाचता लिहिलेली असतील, ती आधी उघडा आणि तुमच्या पाचांच्या शेजारी ठेवा. नायिका त्या तिघांना कशी दिसली, ते तिथे कळेल.